सांगण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक

गावाची गोष्ट गावाने मिळून सांगावी आणि मिळूनच लिहावी, असा एक उपक्रम बोरी नदीच्या काठावरील आमच्या गावात गेल्या काही काळापासून चालू आहे. त्याच्या बैठका चालवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. आता पारोळा, धरणगाव, शिंदखेडा अशा बाजूंची मंडळीही आपापल्या गावी असे काही करावे म्हणून विचारपूस करू लागली आहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न बहुधा पुस्तकाच्या छपाईबद्दल असतो आणि दुसरा खर्चाबद्दल. बैठक कशी घ्यायची हे मात्र फारसे कोणी विचारत नाही, कारण बैठक घेता येत नाही असा माणूस खान्देशात सापडणे अवघड आहे. तरीही हे काम टिकते किंवा मोडते ते बैठकीतच, म्हणून तेवढ्याच विषयावर सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे एकच आहे. सांगण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक या दोन वेगळ्या दिवशी, शक्य झाल्यास वेगळ्या जागी आणि वेगळ्या नियमांनी घ्याव्यात. त्या एकत्र झाल्या की गोष्ट मरते आणि इतिवृत्त उरते.

आपल्याकडे बैठक म्हटली की ती काही तरी ठरवण्यासाठीच असते. ग्रामसभा असो, यात्रेच्या वर्गणीची असो, सोयरीक जमवण्याची असो किंवा बांधाच्या तंट्याची असो, माणसे तेथे येतानाच कोणती बाजू घ्यायची हे मनाशी पक्के करून येतात. अशा सवयीच्या माणसांसमोर एखाद्या आजीने जुनी आठवण सांगायला तोंड उघडले की दुसऱ्याच वाक्याला कोणी तरी 'तसे नव्हते ते' म्हणून मध्ये पडतो, तिसरा त्याला दुजोरा देतो, चौथा कागद काढून आणतो आणि आजी पदर तोंडाला लावून गप्प बसते. पुढच्या वेळी ती येत नाही. तिला कोणी अपमानास्पद बोललेले नसते. गावाने तिची आठवण फक्त निकालात काढलेली असते. म्हणून सांगण्याच्या बैठकीत काहीही ठरवायचे नाही, कोणाचे काही खोडायचे नाही, खरे-खोटे करायचे नाही, हा नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगावा लागतो आणि प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगावा लागतो. ज्याला वेगळे आठवते त्याने आपली पाळी आल्यावर आपले वेगळे सांगावे. 'त्यांचे चुकले' असे म्हणण्याची परवानगी नाही, 'मला असे आठवते' असे म्हणण्याची आहे.

बैठक चालवणाऱ्याचे काम पांझरेच्या काठावरील फडातल्या, म्हणजे सामाईक पाटपाण्यावर भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्यातल्या, पाटकऱ्यासारखे आहे. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी मिळून ठरवतात. पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी सोडायचे, शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पोहोचते की नाही ते पाहायचे आणि पिकाबद्दल मत द्यायचे नाही. हे वाचायला सोपे वाटते. परंतु आपल्यालाही त्याच गावातले बरेच काही माहीत असते आणि जिभेला आवर घालणे हाच या कामाचा अर्धा भाग आहे.

जागेचा विचार आधी करावा. मंदिराचा सभामंडप प्रशस्त असतो, पंखे असतात, सतरंज्याही असतात, पण तेथे काही घरे येत नाहीत आणि जी येतात त्यांतली काही कडेलाच बसतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात खुर्च्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो. एखाद्या मोठ्या घराच्या ओट्यावर बसले तर त्या घराबद्दल कोणी काही सांगत नाही, आणि गावाच्या निम्म्या गोष्टी त्याच घराबद्दल असतात. आम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळेची वर्गखोली सगळ्यांत सोयीची ठरली, कारण तेथे प्रत्येकाने कधी ना कधी मार खाल्लेला असल्यामुळे कोणाचाच मान मोठा नसतो. बाके बाजूला सरकवून गोल बसावे. मात्र गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार-पाच खुर्च्या त्याच गोलात मिसळून ठेवाव्यात, वेगळ्या ओळीत नव्हे. वेगळी ओळ केली की ते व्यासपीठ होते.

वेळेचे गणित शेतीवर आणि विजेवर चालते. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाला बोलावण्यात अर्थ नाही. कृषिपंपाला थ्री-फेज वीज कधी दिवसाच्या पाळीला असते तर कधी रात्रीच्या. रात्रीच्या पाळीत पुरुष मंडळी पाणी भरायला शेतात असतात, म्हणून वार ठरवण्याआधी ते वेळापत्रक पाहावे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा दिवे लागल्यानंतरच बसता येते. स्त्रियांच्या बैठका दुपारी, शेतातून आल्यावर आणि संध्याकाळच्या चुलीआधी, वेगळ्या घ्याव्यात. यावर काही सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. स्त्री-पुरुषांनी एकत्रच बसावे असा त्यांचा आग्रह असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे आणि ती उगाच केलेली नाही. सासरे आणि भासरे समोर बसलेले असताना सून माहेराहून आणलेल्या गोष्टी सांगणार नाही, हे ज्याला खान्देशातले घर ठाऊक आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. एकत्र बसण्याची वेळ ठरवण्याच्या बैठकीत येते, आणि तोपर्यंत त्यांचे सांगणे कागदावर उतरलेले असते.

एका गोलात बारा ते पंधरा माणसे पुरेत. वीसच्या वर गेली तर दोन गोल करावेत. दीड तासाच्या पुढे बैठक नेऊ नये. चहा शेवटी ठेवला तर लोक त्याची वाट पाहतात आणि सुरुवातीला ठेवला तर पिऊन निघून जातात, म्हणून तो मध्ये द्यावा. सगळ्यांत चांगल्या गोष्टी याच वेळी, कप हातात असताना निघतात; मात्र त्या वेळचे बोलणे विचारल्याशिवाय टिपून घेऊ नये.

आता प्रत्यक्ष सांगण्याकडे वळतो. संस्थांच्या प्रशिक्षणात बैठकीच्या सुरुवातीला खेळ घ्यायला शिकवतात, टाळ्या वाजवायला लावतात, स्वतःला एखाद्या फळाची उपमा द्यायला सांगतात. सत्तरीच्या माणसाला 'तुम्ही कोणते फळ आहात' असे विचारण्याचे धाडस माझ्यात नाही आणि त्याची गरजही नाही. त्याऐवजी प्रत्येकाने घरातून एक जुनी वस्तू आणावी असे आदल्या दिवशी सांगून ठेवतो. कोणी पायली आणतो, कोणी कंदील, कोणी अडकित्ता, कोणी सासऱ्यांच्या नावाचे जुने रेशनकार्ड. वस्तू हातात असली की माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, वस्तूबद्दल बोलतो, आणि म्हणून संकोचत नाही.

अशाच एका बैठकीत एका आजीबाईंनी माती वाहण्याची लोखंडी पाटी आणली होती. पाटीचा काठ एका बाजूने दबलेला होता आणि दोन्ही कड्यांना सुतळी गुंडाळलेली होती. 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर त्यांनी ती वाहिली होती. पाटीच्या काठावरून बोट फिरवत त्या सांगू लागल्या की सुतळी त्यांच्या सासूने गुंडाळून दिली होती, कारण उन्हात कडी तापून हाताला चटका बसत असे. मग त्या कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीकडे वळल्या, तेथून बाहेरदेशाहून आलेल्या लाल ज्वारीकडे, म्हणजे मिलोकडे, आणि मिलोबद्दल म्हणाल्या, "ती भाकर तोंडमा फिरे, गयामा उतरे नई." एवढ्या एका वाक्यात जे आले ते दुष्काळावरच्या पानभर माहितीत येत नाही.

येथे एक निवृत्त गुरुजी मध्ये बोलले. त्यांचे म्हणणे असे की तो तलाव 72 चा नसून त्यानंतरचा आहे, कारण रोजगार हमीचा कायदाच मुळी 1977 चा आहे. गुरुजींची माहिती बरोबर होती. कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. परंतु दुष्काळी कामे कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती आणि योजना त्याआधीच सुरू झाली होती. मी यातले काहीच त्या वेळी बोललो नाही. फक्त म्हणालो, "गुरुजी, तुमची पाळी आली की हे आपण लिहून घेऊ. आजी, कड्यांची सुतळी कशाची होती?" आजी पुन्हा बोलू लागल्या. गुरुजींनीही पुढे आपल्या पाळीला तलावाच्या कामाचे चांगले तपशील सांगितले, कारण त्यांनी विद्यार्थिदशेत तेथे हजेरी लिहिली होती. एकाच पाळीत दोघांचा वाद लागला असता तर आम्हाला ना सुतळी मिळाली असती ना हजेरीपट.

सालांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सोडवायला हवा. जुन्या माणसांना सन आठवत नाही, घटना आठवतात. म्हणून भिंतीवर ब्राऊन पेपरची लांब पट्टी लावून तिच्यावर सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा आधीच लिहून ठेवतो: 72 चा दुष्काळ, आणीबाणी आणि नसबंदीची मोहीम, जुलै 1979 मध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून उठलेली आवई, 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींची हत्या झाली तो दिवस, 1998 साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला ते वर्ष. मग विचारायचे ते 'कोणत्या साली' असे नाही, तर 'स्कायलॅबच्या आधी की नंतर', 'तेव्हा तुमचा थोरला मुलगा चालत होता का' असे. हे विचारले की माणूस आपसूक हिशेब करतो. स्कायलॅबच्या नावाने तर बैठकीत हशा पिकतो, कारण आता मरणारच म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापून खाणाऱ्यांच्या गोष्टी गावोगावी आहेत. पट्टीवरच्या एकाच जागी दोन माणसांनी दोन वेगळी साले सांगितली तर दोन्ही चिकटवायची; पट्टी ही सांगण्याच्या बैठकीची असते, तिच्यावर खोडरबर चालत नाही.

बोलण्याच्या पाळीचा नियम साधा आहे. ज्यांना बोलायचे आहे ते सर्व एकदा बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, सोसायटीचे चेअरमन अशा मंडळींना मी आधीच भेटून विनंती करतो की त्यांनी शेवटी बोलावे. कारण सांगितले तर बहुतेक जण मान्य करतात; एखाद्याला राग येतो, पण 'आप्पा, तुम्ही आधी बोललात तर तुमच्यानंतर कोण बोलेल' असे म्हटले की तोही पाघळतो. गप्प बसलेल्या माणसाला नाव घेऊन बोलते करण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. तो ऐकायला आला असेल, त्याला ऐकू द्यावे. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला तो आपण होऊन काही तरी घेऊन येतो.

लिहून घेणारा आणि बैठक चालवणारा एकच नसावा. आम्ही हे काम सातवी-आठवीच्या आणि कॉलेजातल्या मुलामुलींना दिले आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रणही असते. मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा, पंख्याच्या थेट खाली ठेवू नये आणि फोन येऊ नये म्हणून एरोप्लेन मोडवर टाकावा. मुद्रण सुरू करण्यापूर्वी विचारावे, आणि सांगणारा म्हणाला की आता बंद कर, तर कारण न विचारता बंद करावे. फाइलला त्याच रात्री नाव द्यावे, म्हणजे तारीख, सांगणारा आणि विषय. आठ दिवसांनी ते कोणालाच आठवत नाही.

मुलांना एक सूचना आवर्जून देतो. जसे ऐकले तसे लिहा, शुद्धलेखन करू नका. अहिराणीत सांगितलेले मराठीत उतरवण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, कारण शाळेत अहिराणी बोलल्याबद्दल हसे झालेल्या कित्येक पिढ्या आपल्याकडे आहेत. 2011 च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली, अहिराणी धरून, 18 लाखांहून अधिक लोक नोंदलेले आहेत आणि घरात अहिराणी बोलून बाहेर मराठी सांगणारे त्यात धरलेलेच नाहीत. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या आज आपल्यापाशी आहेत त्या घरातल्या माणसांनी, मुख्यतः त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी, जशाच्या तशा लेवा बोलीत टिपून ठेवल्या म्हणून. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये त्या ओव्या छापून आल्या. टिपून घेणाऱ्याने त्या सुधारून प्रमाण मराठीत घेतल्या असत्या तर काय उरले असते, एवढे मुलांना विचारले की ती 'गयामा'चे 'गळ्यात' करत नाहीत. प्रमाण मराठी लागेल तेथे ती शेजारच्या पानावर द्यावी, मूळ बदलू नये.

ठरवण्याची बैठक किमान आठ दिवसांनी घ्यावी. तोपर्यंत लिहिलेला मजकूर स्वच्छ करून सांगणाऱ्याला त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवलेला असावा. या बैठकीत एकच काम असते: मजकूर मोठ्याने वाचायचा आणि तो गावाच्या गोष्टीत कोठे बसतो ते ठरवायचे. येथे बोलता येते, हरकत घेता येते, वाद घालता येतो. परंतु तीन गोष्टी आधीच पक्क्या केलेल्या असतात. मजकुरातून काही काढण्याचा अधिकार फक्त सांगणाऱ्याला आहे. हरकत घेणाऱ्याला दुसऱ्याचे वाक्य काढता येत नाही, आपले सांगणे त्याच्या शेजारी जोडता येते. आणि हात वर करून मतदान होत नाही, कारण आठवणीला बहुमत लागत नाही. शिवाय गावात बहुमत कोणाचे असते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या नियमांची खरी परीक्षा विहिरीच्या गोष्टीत झाली. बौद्ध वस्तीतील एका वयोवृद्ध बाबांनी सांगण्याच्या बैठकीत सांगितले की त्यांच्या लहानपणी त्यांची आई गावविहिरीजवळ घागर घेऊन उभी राहत असे आणि कोणी तरी वरून पाणी ओतेपर्यंत तिला थांबावे लागे. कधी लगेच मिळे, कधी ऊन चढेपर्यंत मिळत नसे. आईच्या घागरीला तळाशी राळ लावून बुजवलेले छिद्र होते आणि घरी पोहोचेपर्यंत पाणी किती उरेल याकडे त्यांचे सगळे लक्ष असे, हेही त्यांनी सांगितले. खोलीत कोणी बोलले नाही. सांगण्याची बैठक होती, म्हणून बोलता येतही नव्हते. पुढची पाळी ज्यांची होती त्यांनी आपली पायली पुढे करून धान्याच्या मापाबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि मला वाटते तेच त्या वेळी योग्य होते.

आठ दिवसांत गावात चर्चा झाली. ठरवण्याच्या बैठकीत एका मोठ्या घरातील भाऊंनी हरकत घेतली. पहिली हरकत तारखेची: बाबांच्या वयावरून हे 1960 च्या सुमारास घडले असले पाहिजे, अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा तर 1955 चा, मग असे घडलेच कसे? दुसरी हरकत गावाच्या नावाची: पुस्तक बाहेर जाणार, पाहुणे-रावळे वाचणार, गावाची बदनामी कशाला? त्यांचे म्हणणे होते की तो परिच्छेद काढावा. मी नियमाचे वाक्य वाचून दाखवले आणि बाबांना विचारले की त्यांना काही काढायचे आहे का. बाबा म्हणाले की नावे त्यांनी घेतलीच नव्हती, त्यामुळे काढण्यासारखे काही नाही. कायद्याबद्दल मात्र ते एवढेच बोलले, की कायदा आमच्याकडे दोरासकट आला नव्हता.

मग भाऊंना त्यांचे सांगणे जोडण्याचे सुचवले. त्यांनी सांगितले की ती विहीर त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या खर्चाने खोदवली, काळा पाषाण लागला तेव्हा सुरुंग लावावे लागले, आणि पाणी लागल्यावर आजोबांनी गावजेवण दिले. हेही खरेच असणार आणि मोलाचेही आहे. ते मुलांनी तितक्याच काळजीने लिहून घेतले. यानंतर जे झाले त्याची कोणाला अपेक्षा नव्हती. स्त्रियांच्या बाजूला बसलेल्या, भाऊंच्याच घरातल्या एका मोठ्या काकू म्हणाल्या की पाणी ओतणारी मीच होते. सासूबाईंचा नियम होता की घरचे रांजण भरल्याशिवाय दुसऱ्याला पाणी ओतायचे नाही. नवी सून म्हणून मी बोलू शकत नव्हते, पण बाबांची आई दिसली की घरचे रांजण लवकर भरायचे. काकूंनी हे सांगताना कोणाकडे पाहिले नाही. शेवटी लिहून घेणाऱ्या मुलाला म्हणाल्या, "मन्हं नाव लिखू नको, भाऊ."

विहिरीच्या पानावर आता तीन सांगणी आहेत, एकाखाली एक, आणि काकूंच्या सांगण्याला नाव नाही. कोणते खरे असा निवाडा आम्ही दिलेला नाही. काही जण म्हणतात की हा पळपुटेपणा आहे, अन्यायाच्या गोष्टीशेजारी गावजेवणाची गोष्ट ठेवली की अन्यायाची धार बोथट होते. या आक्षेपात तथ्य आहे असे मला वाटते, आणि म्हणून क्रम काय असावा हे आम्ही बाबांनाच विचारले. त्यांनी आपली गोष्ट पहिली ठेवली, काकूंची दुसरी आणि विहीर खोदल्याची तिसरी. भाऊंनी तो क्रम मान्य केला, थोडे कुरकुरत का होईना.

गावाच्या बैठकीला जे येतच नाहीत त्यांच्याकडे बैठक न्यावी लागते. आमच्या शिवारात सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी कुटुंबे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी, म्हणून शेतातच राहतात. गावाची निम्मी शेती त्यांच्या हातून होते, पण गावाच्या गोष्टीत ते कोणाच्या डोक्यात नसतात. त्यांच्यासाठी मळ्यातच बसलो, पावरी आणि अहिराणी दोन्ही येणारा त्यांच्यातलाच एक तरुण मध्ये घेतला आणि मालकाला नम्रपणे बाहेर ठेवले. येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी: सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते. सांगण्याची बैठक फाल्गुनात झाली आणि मजकूर वाचून दाखवायला वैशाखाच्या शेवटी गेलो, तर ते कुटुंब दुसऱ्याच गावी गेलेले असते. म्हणून त्यांच्या दोन्ही बैठका अक्षय्य तृतीयेच्या आत संपवाव्यात. याउलट गावच्या लेकी आखाजीलाच माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. लग्न होऊन बाहेर गेलेल्या बायांची आठवण इथल्या माणसांपेक्षा कित्येकदा लख्ख असते, कारण त्यांचे गाव त्या सोडून गेल्या तेव्हाचे तसेच राहिलेले असते. त्यांच्या बैठकीला पट्टीची फारशी गरज पडत नाही. आपले लग्न हीच त्यांची खूण असते आणि सगळी साले त्या तिच्या मागे-पुढे लावतात.

तयार झालेल्या मजकुराच्या सध्या हाताने बांधलेल्या प्रती केल्या आहेत. एक शाळेत, एक बौद्ध वस्तीतील वाचनालयात आणि एक महिला बचत गटाकडे असते. प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी सोडलेली आहे, म्हणजे वाचून कोणाला काही आठवले तर त्याने तेथे नाव आणि तारीख घालून लिहावे. छपाईची घाई मी मुद्दामच करत नाही, यावर आमच्या गटात मतभेद आहेत. छापले की लोकांना ते संपले असे वाटते, हे माझे मत; छापले नाही तर लोकांचा उत्साह संपेल, हे इतरांचे. ध्वनिमुद्रणांच्या प्रती मात्र दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात याबद्दल दुमत नाही.

आता पाळी सुरतेची आहे. आमच्या गावातली कित्येक घरे उधना आणि लिंबायतमध्ये आहेत, लूमवर आणि साड्यांच्या कामावर गेली ती तिथलीच झाली. व्हिडिओ कॉलवर त्यांना बैठकीत घेऊन पाहिले, पण आवाज तुटतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत मागे टीव्ही चालू असतो, त्यामुळे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. ही सगळी माणसे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या खान्देशी देवीच्या सणासाठी भाऊबंदकीत येतात आणि सोमवारी विसर्जन आटोपून परततात. रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, धावपळीत रविवारी बैठक शक्य नाही, म्हणून शनिवारी रात्रीची वेळ धरली आहे. त्यांनी येताना सुरतेतली एखादी वस्तू आणावी असा निरोप दिला आहे, गावातली नव्हे. बैठक चालवायला त्यांच्यातलीच एक मुलगी तयार झाली आहे, कारण सुरतेच्या गोष्टीत मी सगळ्यांत अडाणी असेन. ती बैठक फक्त सांगण्याची असेल. ठरवण्याची दिवाळीच्या सुट्टीत.